नीळकंठरावांचा रुतलेला चेंडू

४ ऑक्टोबर १९५९, रविवार. घट बसले तरी आमच्या गाद्या उसवायच्या राहिल्याच होत्या. सोमवारी पिंजारी येणार, म्हणून मी सकाळीच अंगणात सतरंजी टाकून कात्री घेऊन बसले. एक डोळा शिवणीवर आणि दुसरा शेजारच्या ओसरीवर. त्या ओसरीवर नीळकंठराव कोट-टोपी घालून बसले होते, आणि त्यांना तिथून हलू द्यायचं नाही एवढं काम त्यांच्या मुलीने माझ्यावर सोपवलं होतं.

"काकू, पाहुणे जाईपर्यंत बाबांना मैदानाकडे जाऊ देऊ नका," कुसुम म्हणाली होती. "दिग्रसचं स्थळ आहे. हेही गेलं तर पुन्हा कोणी या वाटेला येणार नाही."

तिचं खरं होतं. आधीचं वणीचं स्थळ कुंडल्या जुळूनही मोडलं होतं. मुलीत काही खोट नव्हती. मुलीचे वडील उघड्यावर उतारे टाकतात, असं त्या लोकांच्या कानावर गेलं होतं.

आता हे कानावर घालणाऱ्याला तरी मी काय म्हणू? मी स्वतः राजूरला नवीन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात तो प्रकार पाहिला. खाणीच्या क्वार्टरांमागे मोकळं मैदान आहे. तिथे हा भला माणूस वाकला, चिखलात रुतलेली पांढरी, लिंबाएवढी वस्तू बोटांनी उकरून काढली, धोतराच्या सोग्याने पुसली, मग ताठ उभा राहिला आणि समोर बघत बघत ती खांद्यावरून मागे टाकली. मागे वळून पाहिलं नाही. आपल्याकडे शहाणा माणूस असं कशासाठी करतो ते सांगायला नको. मी हातातली बादली तिथेच ठेवली, घरात गेले आणि कडी लावून घेतली.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे खाणीत ओव्हरमन. पोट धरून हसले. म्हणाले, "अगं, तो गोल्फ खेळतो."

ते ऐकून तर मला जास्तच धक्का बसला. करणी करणारे लोक मी ऐकून होते. गोल्फ खेळणारा कारकून कधी ऐकला नव्हता.

नीळकंठराव खाणीत स्टोअरकीपर. पूर्वीच्या गोऱ्या मॅनेजरसाहेबाने हौसेने मैदानात पाच भोकं पाडून झेंडे लावले. पण खेळायला जोडीदार नाही. नीळकंठरावांना इंग्रजी येत होतं आणि नाही म्हणता येत नव्हतं, म्हणून त्यांना जुंपलं. साहेब आपल्या देशी गेला, जाताना काठ्यांची पिशवी आणि चेंडू यांच्या गळ्यात टाकून गेला. तीन भोकांवर कोळशाचे ढीग आले. दोन उरली. या भोकापासून त्या भोकापर्यंत जायचं आणि तसंच परत यायचं, असा यांचा खेळ.

आमची माती काळी. पावसाळा संपला तरी ती महिनाभर पाय धरून ठेवते. चेंडू वरून पडला की गप्पकन आत. आणि नीळकंठरावांचा सगळा जीव या गप्पकनमध्ये. चेंडू मारण्यापेक्षा तो रुतण्यात त्यांना जास्त गोडी. मला त्यांनी नियम इतक्या वेळा ऐकवला आहे, की मी तो भाजी चिरताना म्हणू शकते. गवत बारीक कापलेल्या जागेत चेंडू पडून स्वतःच पाडलेल्या खड्ड्यात रुतला, तर तो उचलता येतो. त्याला दंड नाही. पुसून, झेंड्याकडे तोंड करून, ताठ उभं राहून खांद्यावरून मागे टाकायचा. तो झेंड्याच्या जवळ जाता कामा नये. गवत कापलेलं नसेल, तर मात्र आहे तिथून भोगायचं.

"जमिनीने धरलं, वहिनी, त्यात माझा काय गुन्हा?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि चूक स्वतःची असली, की आसपास चिटपाखरू नसतानाही मोठ्याने ओरडणार, "एक दंड!" नवी माणसं दचकून दारं लावत.

हा नियम मैदानात राहिला असता तर कोणाची हरकत नव्हती. एकदा आम्ही वणीला निघालो होतो आणि बस चिखलात फसली. सगळे उतरून मागून जोर लावू लागले. नीळकंठराव मात्र पुढे जाऊन गाडीच मागे रेटू लागले.

ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "ओ बाबूजी, मांगं कायले ढकलून राह्यले? वणी समोर हाये ना!"

"म्हणूनच!" नीळकंठराव म्हणाले. "फसलेली वस्तू काढायची ती मागेच काढायची. जिथे जायचं त्याच्या जवळ नेली तर दंड."

"दंड मी भरतो, बाप्पा, पण तुमी आंधी बाजूले व्हा!"

वणीच्या बाजारात तर कहर केला. त्यांची चप्पल चिखलात रुतली. त्यांनी ती काढली, पुसली, ताठ उभे राहिले आणि सवयीने खांद्यावरून मागे टाकली. ती भाजीवालीच्या टोपलीत जाऊन पडली.

"माय वो! जोडा टाकला ना माह्या वांग्यात!"

मी शरमेने पदर तोंडाला लावला. नीळकंठरावांनी शांतपणे टोपलीतली सगळी वांगी विकत घेतली. "हा मात्र दंड," म्हणाले. पुढे कितीतरी दिवस बापलेक वांगी खात होते. एवढ्याशा घरात दोघंच. कुसुमची आई ती लहान असतानाच गेली.

तर त्या रविवारी मी कात्री चालवत राखण करत होते. नीळकंठराव चुळबुळ करत होते.

"वहिनी, काल संध्याकाळी एक रुतला."

"राहू द्या."

"अंधार पडला म्हणून तसाच सोडून आलो. रात्रभर मातीत आहे."

"त्याला काय थंडी वाजते?"

"डाव अर्धा आहे ना. मी खेळून नाही राहिलो, फक्त उचलून राहिलो. पाहुण्यांची बस यायला अवकाश आहे."

"भाऊजी, बसा खाली. मुलीच्या जन्माचा प्रश्न आहे."

ते बसले. मी गादीची खोळ उलटी करायला आत डोकं घातलं, आणि बाहेर काढलं तो ओसरी रिकामी.

मी कात्री हातात घेऊन तशीच धावले. मैदानाच्या कडेला पोचले आणि पाहते तो काय! बस लवकर आली होती. फाट्यावरून क्वार्टरकडे येणारी पायवाट मैदानातूनच जाते, आणि त्या वाटेने पाहुणे येत होते. पुढे मुलाची आई, नारायणपेठी नेसलेली, भारदस्त. मागे वडील, आणि त्यांच्या मागे मुलगा. त्यांच्या अगदी पुढ्यात, त्यांच्याकडे पाठ करून, कोट-टोपीतले नीळकंठराव ताठ उभे होते. मी "भाऊजी" म्हणून ओरडेपर्यंत चेंडू खांद्यावरून निघाला आणि बाईंच्या पायाशी येऊन थांबला.

"अगंबाई!" बाईंचा एक पाय उचललेलाच राहिला. "हे काय टाकलं जी माझ्या पायात? परवाच अमावास्या झाली ना!"

नीळकंठरावांनी वळून पाहिलं नाही. झेंड्याकडे बघतच ते ओरडले, "हात लावू नका! हात लागला तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल!"

"ओलांडू का मग?" बाई रडकुंडीला आल्या.

"खुशाल ओलांडा. पण हलवू नका. रात्रभर जमिनीत होता, आत्ताच उकरून काढला!"

मी डोळे मिटून घेतले. मुलाच्या वडिलांचा आवाज आला, "चला मागं. बस अजून उभी असेल फाट्यावर. वणीवाले सांगत होते ते काही खोटं नव्हतं."

मी डोळे उघडले तर दुसरंच. कुसुम घरातून चालत येत होती. पाहुण्यांपुढे पोह्यांचं ताट घेऊन, खाली मान घालून यायची मुलगी, रेशमी लुगड्याचा काठ चिखलाला लागू नये म्हणून तो मुठीत धरून भरभर येत होती. तिने कोणाकडे पाहिलं नाही. सरळ वडिलांच्या मागे जाऊन उभी राहिली, खाली वाकली, नजरेने अंतर मोजलं.

"दीड हात मागे पडला, बाबा. झेंड्याच्या जवळ नाही गेला. चालते."

तेव्हा कुठे नीळकंठराव वळले. समोरची माणसं पाहून त्यांनी टोपी सारखी केली आणि हात जोडले. "या, या. प्रवास बरा झाला ना?"

बाईंचा पाय एकदाचा खाली आला, चेंडूला न लागेल असा. आणि मागे उभा असलेला मुलगा, शाळेत मास्तर आहे म्हणे, पुढे येऊन चेंडूकडे टक लावून बघू लागला.

"पण मागे काहून टाकायचं? समोर बघून टाकलं तर काय होते?" त्याने विचारलं. नीळकंठरावांना नाही, कुसुमला.

"बघून टाकला तर माणूस सोयीच्या जागी टाकतो," कुसुम म्हणाली.

मुलगा हसला. त्याच्या आई हसल्या नाहीत, पण बसकडेही गेल्या नाहीत. "पायांना माती लागली," एवढंच म्हणाल्या. कुसुमने त्यांना हाताला धरून घराकडे नेलं.

पोहे झाले, चहा आला. मी मदतीच्या निमित्ताने दाराशी उभी होते. रीतीचे प्रश्न झाले, स्वयंपाक, शिवण, शिक्षण. मग बाईंनी बशी खाली ठेवली आणि नीळकंठरावांना सरळच विचारलं.

"राग मानू नका जी. मुलगी आम्हाला आवडली. पण हे मैदानातलं लग्नानंतरही असंच चालू राहील का? आमच्याकडे चार लोक विचारतात."

मला वाटलं, आता हे नियम काढणार. मी तयारीत होते, काही तरी पाडायचं, कपबशी नाहीतर तांब्या.

"नाही," नीळकंठराव म्हणाले. "ते बंदच होईल."

"अहो, बंद करा असं नाही म्हणत मी—"

"बंद करायचा प्रश्नच नाही. आपोआपच होते. गवत कुसुम कापते. कापलेलं नसेल तर चेंडू उचलता येत नाही. अन् टाकताना मला मागे बघायचं नसते. कुठे पडला, जवळ गेला की मागे गेला, हे दुसऱ्या कोणी तरी मागे उभं राहून सांगावं लागते. ती तुमच्या घरी आली, की ही दोन्ही कामं करणारं कोणी नाही. मग रुतला तर रुतला. राहील तिथेच."

मागे कोणी उभं असावं हे साहेबाच्या पुस्तकात आहे की यांनी मनाने घातलं आहे, मला माहीत नाही. स्टोअरमध्ये अमुक खिळे संपले, तमुक उरले असं सांगावं, त्या आवाजात त्यांनी हे सांगितलं. आवाज हलला नाही, चेहरा हलला नाही. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालू होता तो मात्र थांबला.

मी दाराला धरून उभी राहिले. आजवर कुसुमला मैदानात वडिलांच्या पाठीशी उभी राहिलेली मी माझ्या खिडकीतून रोज पाहत होते. मला वाटे, चहाला बोलवायला आली आहे आणि बाप लक्ष देत नाही. किती वेळा मनात म्हटलं, काय माणूस आहे, पोरीला ताटकळत ठेवतो!

मुलाच्या आईने कप उचलला, रिकामा होता तरी ओठाला लावला आणि खाली ठेवला.

"बरं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडून पक्कं समजा. दिवाळीनंतर बैठक करू." मग थोडं थांबून, "मुलीला माहेरी पाठवत जाऊ आम्ही. अधूनमधून."

"हो, हो," नीळकंठराव म्हणाले. "पावसाळा संपता संपता पाठवा. तेव्हाच रुतते जास्त."

पाहुण्यांना पोचवायला बापलेक फाट्यापर्यंत गेले. मी अंगणात परत आले. गाद्या उघड्याच पडल्या होत्या आणि अर्धा कापूस वाऱ्याने कुंपणाला जाऊन चिकटला होता. तो गोळा करता करता दिवस गेला. मला काही सुचत नव्हतं म्हटलं तरी चालेल. ह्यांनी विचारलं, स्थळ जमलं ना, मग तुझा चेहरा असा का? मी म्हटलं, कापूस नाकात गेला.

सोमवारी सकाळी पिंजारी आला. त्याला कापूस दाखवून कामाला बसवलं, चुलीवर डाळ चढवली आणि कुडाला खोचलेला विळा काढून मैदानात गेले. कुसुम उकिडवी बसून झेंड्याभोवतीचं गवत कापत होती. नीळकंठराव ड्यूटीवर गेले होते. मी तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "किती ठेवायचं ते दाखव. आणि लवकर, डाळ करपेल."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने एक मूठ कापून दाखवलं. मी तसं कापलं.

"नाही काकू," ती म्हणाली. "याहून बारीक."

मी पुन्हा वाकले.