पहिल्या हाकेला ओ

आमचे शेजारी बाबालालभाई कुणी हाक न मारताच ओ देतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी बिचकून मागे पाहिलं. मागे फक्त ऊस होता.

रहिमतपुरात त्यांचं गाद्यांचं दुकान. कापूस पिंजता पिंजता ते कविता करतात. दाढीत कापूस आणि खिशात कविता, हे त्यांचं कायमचं रूप. विषय एकच, खुळचट चालीरीती. रूढी म्हणजे निवडुंग, भीती म्हणजे घुबड, विचार म्हणजे ऊन. "निसर्गात समदं हाय गड्या, मानसानं नुसतं डोळं उघडायचं," हे त्यांचं पालुपद. गादी न्यायला आलेलं गिऱ्हाईक दोन कविता ऐकतं आणि उशी तिथंच विसरून पळतं.

दिवेलागणीनंतर हाक आली तर तिसऱ्या हाकेपर्यंत ओ देऊ नये, भूत दोनदाच हाक मारतं, असं आमच्याकडे अजून मानतात. या चालीवर तर बाबालालभाईंचा विशेष राग. सांगलीच्या कविसंमेलनात ते तिच्यावरचीच कविता म्हणत होते. मध्येच थांबले आणि रिकाम्या दाराकडे वळून म्हणाले, "ओ! आलो!" लोकांना वाटलं, कवितेतलंच आहे. टाळ्या पडल्या. मी पुढेच बसलो होतो. त्यांचा चेहरा पाहून माझे हात काही वाजेनात.

परवा तिन्हीसांजेला त्यांच्या परसात चहा घेत होतो. वारा पडला होता, तरी ऊस एकाच जागी सळसळला. भाई बॅटरी घेऊन उठले. "ओ!" मीही मागोमाग गेलो. बांधावर कुणी नव्हतं. अंगावर काटा आला, तो लपवायला मी म्हणालो, "भुताला मानत नाही म्हणता, मग रोज ओ कुणाला देता?"

त्यांनी बॅटरी विझवली.

"आमची धाकली भन मुमताज हितंच शेळीला पाला न्यायाला आलती. मी घरात. दोनदा हाक मारली तिनं. अम्मा म्हनली, थांब, तिसरी यिऊ दे. थांबलो. तिसरी आलीच न्हाई. साप चावलाता."

मी चाचरत म्हणालो, "आत्ताचा आवाज वाऱ्याचा असेल, भाई."

"वाराच असतुय. मला ठावं न्हाई व्हय? पर वाऱ्याला ओ दिली तर माझं काय जातंय, गड्या?"

आम्ही घराकडे वळलो. मागे पुन्हा सळसळलं.

या खेपेला ओ मीच दिली.