मारुतीअण्णांची तपासणी

जत्रेला गेलं की लोक आधी देवाला जातात. आमचे शेजारी मारुतीअण्णा आधी पाळणेवाल्याकडे जातात आणि त्याला म्हणतात, "तोंड उघड." त्याने उघडलं तर ठीक. नाही उघडलं, तर अण्णा त्याच्या नाकाला नाक भिडवून एवढा दीर्घ श्वास घेतात, की बघणाऱ्याला वाटावं आता हे त्याला चावणार. दारूचा वास आला की अण्णा तिकीट खिडकीसमोर आडवे उभे राहतात. मग देव आला तरी पाळणा फिरत नाही.

अण्णांनी उभी हयात निपाणी डेपोत सरकारी बस चालवली. ड्युटीवर चढण्याआधी कुणीतरी त्यांच्या तोंडाचा वास घ्यायचं. निवृत्त झाल्यावर आता वास घ्यायची पाळी आपली, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. वऱ्हाडाच्या गाडीचा ड्रायव्हर सुटत नाही, रिक्षावाला सुटत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला बेळगावला गेले, तर टेबलावर आडवे झाल्यावर डॉक्टरांना म्हणाले, "सायेब, तोंड उघडा." डॉक्टर बिचारे भले, त्यांनी उघडलं. अण्णांनी वास घेतला आणि संशयाने विचारलं, "वेलदोडा कशापायी खाल्लासा?"

आता असा माणूस स्वतः किती जपून राहत असेल, असं कुणालाही वाटेल. छे! गॅसची टाकी मोपेडवर पायांत धरून हायवेवरून उलट्या बाजूने येणारा निपाणीतला एकमेव म्हातारा हाच. पावसात कौलं चाळायला चढतात ते स्लिपर घालून. डोकेदुखीच्या गोळीवरची तारीख उलटून गेली असं मी एकदा दाखवलं, तर म्हणाले, "गोळी काय नासतीया? दूध हाय व्हय ती?"

मी एका पतसंस्थेत नोकरी करते आणि फुकटचे वाद घालायला मला आवडतं. म्हटलं, "अण्णा, तुमच्या मोपेडपेक्षा तो पाळणा शंभरपट बरा. तुम्हाला धोका चालतो, लोकांना का नाही?"

"सूनबाई, मोपेडवर मरायचा कोण? मी. आणि ते मला इचारून मरणार. पाळण्यातल्या पोराला कोण इचारतंय?"

"पोरं स्वतः हट्ट करून बसतात."

"बसत्यात. पर चालवणारा कसा हाय त्ये त्यास्नी ठावं हाय काय? बसला फिटनेस लागतंय, ड्रायव्हरला लायसन लागतंय, आणि तुमच्या त्या पाळण्याला काय लागतंय? नारळ! नारळ फोडला की लोखंड शाणं हुतंय व्हय?"

यावर मी चिडले. त्यांच्याशी वाद घालताना माझं नेहमी असंच होतं.

बायको गंगा गेल्यापासून अण्णा एकटे असतात. त्यांच्याशी रोज गप्पा मारणारं माणूस एकच, माझी आठ वर्षांची सई. शाळेतून आली की दप्तर घेऊन ती थेट त्यांच्या पायरीवर बसते. अभ्यास कमी आणि भांडण जास्त. पायरीवर तिचा आवाज नसला की अण्णा दोनदा तरी आमच्या दारात येऊन "पोरगी आजारी हाय काय?" म्हणून विचारतात.

यंदाच्या जत्रेत कोलंबसची मोठी नाव आली. झोका घेत पार आभाळाला टेकणारी. सईने महिनाभर डोकं खाल्लं होतं. जत्रेच्या दिवशी तिने अण्णांना सरळ बजावलं, "आज्जा, नाव बंद पाडलासा तर मी तुमच्याशी कधीच बोलणार न्हाय. कधीच म्हंजे कधीच."

अण्णा नुसते हसले. हसणं मात्र कसनुसं होतं.

रविवारी दुपार कलताना आम्ही रांगेत उभ्या राहिलो. ऊन, धूळ, पुढे घुसणारी माणसं. नावेशेजारी पाटी होती : 'जबाबदारी ज्याची त्याची'. ही ओळ ज्याने पहिल्यांदा लिहिली त्याला एकदा भेटायचं आहे मला. पैसे तुमच्या खिशात, लोखंड तुमचं, कळ तुमच्या हातात, आणि जबाबदारी माझ्या लेकीची? तरी मी रांगेत होतेच. सगळेच होते. शेवटी आमचा नंबर लागला, सईने पायरीवर पाय ठेवला आणि मागून आवाज आला, "जरा थांबा."

खांद्याला पिशवी, पांढरा सदरा, मारुतीअण्णा. सईने माझा हात एवढा दाबला की बांगडी रुतली.

कळीपाशी गोकाककडचा एक माणूस उभा होता, चाळिशीचा, दाढी वाढलेला. अण्णांनी तोंड उघडायला सांगितलं आणि त्याने उघडलं. अण्णांनी वास घेतला. पुन्हा घेतला. मग कानडीत हळूच विचारलं, "ऊटा आतेन?" जेवलास का?

त्या माणसाने मान हलवली. नाही.

"बंद!" अण्णा ओरडले आणि पायरीवर दोन्ही हात पसरून उभे राहिले. "नाव बंद!"

रांगेतून शिव्या सुरू झाल्या. तिकीट खिडकीतून मालक धावत आला. "प्यालाय काय तो? न्हाय ना? मग बाजूला व्हा की म्हाताऱ्या!"

"प्यायला असता तर त्येला हाकलून लावला असता, सोपं हुतं. ह्यो सकाळधरनं उपाशी हाय. तोंड आंबलंय त्येचं. डोळं बघ की. उभ्या उभ्या झोपतोय!"

जोडीदार तापाने पडला होता, म्हणून तो माणूस सकाळपासून एकटाच कळ ओढत होता. मालक म्हणाला, "सुट्टी दिऊन जत्रंचा धंदा बुडवू काय?" आणि त्याने पाटीकडे बोट दाखवलं. माझं डोकंच फिरलं. आम्ही रांगेत उभ्या उभ्या काय काय विचारलं होतं! पट्टा घट्ट आहे का, दांडा पक्का लागतो का, उलटी होते का. ज्याच्या हातात आमची पोरं द्यायची तो जेवलाय का, हे एवढ्या माणसांत एकालाही सुचलं नाही. आणि मालकाला ते माहीत होतं! मी त्याच्यावर तुटून पडले. काय बोलले ते सगळं इथे लिहिता येणार नाही.

एवढ्यात अण्णांनी पिशवीतून स्वतःचा डबा काढला. भाकरी, लसणाची चटणी, कांदा. तो माणूस नावेच्या पायरीवर बसून जेवला, ते खाली मान घालूनच. मग अण्णांनी त्याला तंबूमागे नेऊन झोपवलं. दुसरा कुणी चालवणारा नव्हता. रांग शिव्या घालत पांगली आणि नाव त्या दिवशी पुन्हा हलली नाही.

परतताना सई पुढे पुढे चालत होती, पाठ ताठ, तोंड फुगलेलं. अण्णा मागून माझ्याशी बोलत होते, पण आवाज तिला ऐकू जाईल असा.

"डबल ड्युटी असली की आमची गंगा ष्टँडवर डबा घिऊन यायची. सदलग्याची गाडी भरून तयार, कंडक्टर बेल मारतोय, लोक बोंबलत्यात. ही आपली बसम्होरं उभी. म्हनायची, 'ह्यो जेवल्याबगर गाडी हलायची न्हाय.' लाजंनं मेल्यागत व्हायचं मला. सगळ्या बसनं बघत बसायचं आणि मी घास गिळायचा." त्यांनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "आता कोण म्होरं येत न्हाय. गाडीबी न्हाय म्हना."

सईने मागे वळून पाहिलं नाही. अण्णांनी तिला दोनदा हाक मारली. ती तडक घरात शिरली. ते आपल्या पायरीवर बसले, रिकामी पिशवी मांडीवर घेऊन, आणि आमच्या दाराकडे बघत राहिले. दुपारी 'जरा थांबा' ऐकलं तेव्हा मला त्यांचा इतका राग आला होता, आणि आता तितकंच वाईट वाटत होतं.

घरात सई स्वयंपाकघरात काहीतरी आपटत होती. मी बघायला जाणार, तोवर ती ताट घेऊन बाहेर पडलीही. दोन चपात्या, वांग्याची भाजी, वाटीतून अर्धी सांडलेली आमटी. ताट तिने अण्णांच्या पुढ्यात आदळलं.

"मी बोलत न्हाय तुमच्याशी," ती म्हणाली.

"बरं," अण्णा म्हणाले.

सई हलली नाही. कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली, भुवया चढवून, रागाने लालबुंद. अण्णांनी एकदा तिच्याकडे बघितलं, सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले आणि मुकाट्याने पहिला घास घेतला.