झुळूकरावांची धूरचाचणी

जमिनीखाली तीन मजले गाड्या उभ्या असतात आणि तरीही तिथे माणसाचा जीव गुदमरत नाही, याचं श्रेय कोणाला द्यायचंच झालं तर ते झुळूकरावांना द्यावं, असं खुद्द झुळूकरावांचं मत होतं. मोठमोठ्या इमारतींमध्ये हवा खेळती ठेवणं हा त्यांचा धंदा. हे नाव ऑफिसातल्या मंडळींनी त्यांच्या पाठीमागे ठेवलेलं. त्यांना ते कळलं तेव्हा ते खूश झाले. अशा माणसाला चिडवणं फार अवघड असतं.

तेव्हा बायकोचा कॉम्प्युटर तापून बंद पडायला लागला, तर त्यांनी मेकॅनिकला बोलावू दिलं नाही, यात नवल काही नाही. बायको कार्टून काढते. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या फिल्ममधली झाडं आणि ढग रंगवल्यावर तिने दीड वर्ष खपून स्वतःची पहिली छोटी फिल्म केली होती. ती सोमवारी दुपारपर्यंत मुलांच्या एका वाहिनीकडे पोचली नाही, तर तिची जागा दुसऱ्या कोणाला जाणार होती. चित्रं तयार होती. आता कॉम्प्युटरने ती एकेक करून पक्की करायची, एवढंच उरलं होतं. त्याला दोन दिवस लागणार होते आणि हा पठ्ठ्या अर्ध्या तासात धापा टाकून बंद पडत होता.

बायको म्हणाली, "सोनारानेच कान टोचावेत."

"मग मी कोण आहे?" झुळूकराव म्हणाले. "तीन मजल्यांची हवा हलवतो मी. हा तर बुटांच्या खोक्याचा थोरला भाऊ."

शुक्रवारी त्यांनी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा नवा डबा बनवला, कॉम्प्युटरचं सगळं सामान त्यात बसवलं आणि सहा पंखे लावले. सहाही बाहेर फेकणारे. घाण हवा बाहेर काढा, चांगली आपोआप आत येते, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. पार्किंगमध्ये तो खराच असतो. इथेही हवा आपोआप आत आली, पण प्रत्येक फटीतून आली आणि येताना सोफ्याखालची धूळ, मांजराचे केस आणि सासूबाईंच्या विणकामातली लोकर घेऊन आली. शनिवारी सकाळी डबा उघडला तर आत कोणीतरी पांघरूण घालून ठेवल्यासारखं दिसत होतं.

झुळूकरावांनी दोष घराला दिला. केर काढणं बंद झालं. मांजर गॅलरीत गेलं. सासूबाईंना विणकाम घेऊन जिन्यात बसायची विनंती झाली. मी काय या घरात धूळ आहे का, असं त्यांनी मुलीला विचारलं. मुलीला उत्तर द्यायला वेळ नव्हता.

मग सहाही पंखे उलटे झाले. आता हवा जोरात आत यायची आणि बाहेर कसं पडावं हे न कळून तिथेच तापत बसायची. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय. बायको काही बोलली नाही, नुसती घड्याळाकडे बघत राहिली. तेव्हा मात्र झुळूकराव मनातून घाबरले. तिचं काही चुकलं तर ती बोलते, त्यांचं चुकलं की गप्प बसते.

शेवटी तीन आत, तीन बाहेर आणि आत येणाऱ्या वाटेवर जुन्या पडद्याची मलमल ताणून बसवली. आणि काय सांगावं, जमलं! कॉम्प्युटर थंड राहिला, चित्रं भराभर बाहेर पडायला लागली. रविवारी दुपारपर्यंत थोडीशीच उरली. मांजर आणि सासूबाई घरात परत आल्या. बायको सोफ्यावर बसल्या बसल्या झोपली.

शहाण्या माणसाने इथे थांबावं. पण झुळूकरावांच्या धंद्यात धूर सोडून पाहिल्याशिवाय काम संपलं असं म्हणत नाहीत. हवा डोळ्यांना दिसत नाही, धूर दिसतो. धूर बरोबर वाटेने गेला की हवाही तशीच जाते, मग साहेब सही करतात. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, मशीन चालतंय ना? मग हातच्या काकणाला आरसा कशाला?" पण तोवर झुळूकराव गाडीतून धुराचा डबा घेऊन आले होते. तो डबा पार्किंगच्या एका अख्ख्या मजल्यासाठी असतो. थोडासाच उघडू, असा त्यांचा विचार होता. असा डबा थोडासा उघडत नाही.

सासूबाई मांजराला शोधायला आत गेल्या होत्या. धूर पुढून मलमलीतून आत शिरला आणि मागून सरळ रेषेत बाहेर आला. इतकी देखणी हवा झुळूकरावांनी नोकरीतही पाहिली नव्हती. त्यांनी मोबाइल काढून व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली.

बायकोला जाग आली. तिच्या दीड वर्षाच्या मेहनतीतून भसाभस धूर निघत होता आणि नवरा समोर उभा राहून त्याचं शूटिंग करत होता. तयार चित्रं ज्या हार्डडिस्कवर साठत होती, ती तिने उपटून पोटाशी धरली आणि जिना उतरली. सासूबाई धावत आल्या. त्यांनी आधी मेन स्विच बंद केला, मग पुसायच्या पाण्याची बादली डब्यावर ओतली. क्रम नियमाप्रमाणे अगदी बरोबर होता, हे झुळूकरावांनी नंतर मान्य केलं.

खाली बायकोच्या शेजारी उभं राहून त्यांनी सगळं समजावून सांगितलं. आग नव्हतीच. धूर निरुपद्रवी होता. आणि डबा चाचणीत पास झाला.

"चालू होईल का?" बायकोने विचारलं.

झुळूकरावांना वाईट वाटलं, अगदी खरं वाईट वाटलं. नाही, म्हणाले ते.

बायको हार्डडिस्क घेऊन आपल्या जुन्या मास्तरांच्या स्टुडिओत गेली. उरलेली चित्रं तिथे करायला घेतली. सोमवारी सकाळी झुळूकराव तिच्यासाठी जेवणाचा डबा घेऊन भीतभीत तिथे पोचले. खोलीला खिडकी नव्हती. टेबलाखाली, रद्दीच्या दोन गठ्ठ्यांमध्ये चेपून एक कॉम्प्युटर बसवलेला होता. त्याच्या जाळीवर बोटभर धूळ होती आणि तो आरामात चालला होता. पडद्यावर शेवटची काही चित्रं उरली होती.

झुळूकरावांच्याने राहवेना. त्यांनी खिशातून छोटा ब्रश काढला.

बायकोने पडद्यावरची नजर हलवली नाही. "ब्रश आत ठेवा."

"अगं, नुसती पुढची जाळी..."

"ठेवा आत. आणि श्वास घ्यायचा असेल, तर तोंड तिकडे करून घ्या."

फिल्म पूर्ण होईपर्यंत झुळूकराव भिंतीकडे तोंड करून उभे होते.