धोंडू वानराचा किल्ट

एका जंगलात, मुलांनो, सगळे नर पँट घालत. का घालत, ते विचारू नका. असले प्रश्न विचारता म्हणूनच तुम्हाला लवकर झोपवतात.

त्या जंगलात धोंडू नावाचा वानर टपाल वाटायचा. या झाडावरून त्या झाडावर उड्या मारत पत्रं पोचवायची, हे त्याचं काम. वानराचा सगळा तोल शेपटीत असतो आणि धोंडूची शेपटी पँटमध्ये कोंबलेली. त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी तो धपकन खाली यायचा.

एकदा थंड देशातून आलेल्या करकोच्याने त्याला किल्ट दिला. चौकड्यांचा, चुण्याचुण्यांचा, गुडघ्यापर्यंतचा. "आमच्या डोंगरातले पुरुष हाच घालतात," करकोचा म्हणाला. धोंडू तो नेसला. शेपटी मोकळी झाली. महिनाभर तो एकदाही पडला नाही आणि टपाल न्याहारीच्या आधी पोचू लागलं.

मग काय, जंगलाला काम मिळालं.

"बाईचा परकर नेसून फिरतोय," रानडुक्कर म्हणालं.

"माझा पाठिंबा आहे. फक्त माझं नाव कुठे घेऊ नका," कोल्हा म्हणाला.

"छान दिसतो हो," सांबरीण म्हणाली. "पण आमच्या यांनी नको घालायला."

शेवटी सरपंच अस्वलाने धोंडूला घरी बोलावलं. त्यांना सगळे अण्णासाहेब म्हणत. अण्णासाहेब ओटीवर पंचा नेसून बसले होते. पंचा गुडघ्यांच्या बराच वर होता.

"धोंडू, पुरुषाचे गुडघे दिसणं बरं नव्हे."

धोंडूने त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"हे घर आहे," अण्णासाहेब म्हणाले. "उद्यापासून पँट घाल, नाहीतर टपालाची पिशवी इथे ठेवून जा."

"अण्णासाहेब, मी पडतो हो पँटमध्ये."

"आपले वाडवडीलही पडायचे. पण पँटमध्ये पडायचे."

धोंडूला दुसरं काम येत नव्हतं. सकाळी त्याने पँट घातली आणि चिंचेवरून जांभळीवर उडी मारताना तो पडला. उजवा पाय मोडला. साळिंदर वैद्याने मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं. त्यावरून पँट काही चढेना. तेव्हा बिचारा पुन्हा किल्ट नेसून, काठी टेकत, जमिनीवरून टपाल वाटू लागला. मला तर त्याची फार दया आली.

जंगलालाही आली. रानडुकराने त्याची पिशवी धरली. सांबरिणीने किल्टला इस्त्री करून दिली. "दुखण्यात सगळं चालतं," अण्णासाहेब म्हणाले. टपाल आता आठ-आठ दिवस उशिरा यायचं, पण कुणाची तक्रार नव्हती.

दीड महिन्यात हाड जुळलं. वैद्य प्लास्टर कापायला बसला, तेव्हा धोंडूने त्याचा हात धरला.

"वैद्यबुवा, हे असंच राहू द्या."

वैद्याने त्याच्याकडे पाहिलं आणि कात्री खाली ठेवली.

पुढच्या आठवड्यात कोल्हा लंगडू लागला. मग रानडुक्कर. मग सांबरिणीचे हे. वैशाखात तर खुद्द अण्णासाहेब पायाला पट्टी बांधून, चौकड्यांचा किल्ट नेसून सभेला आले. येताना ते डाव्या पायाने लंगडत होते, जाताना उजव्या.

आज त्या जंगलात एकही नर धड चालत नाही. पँटची सक्ती मात्र कायम आहे.

तात्पर्य : मुलांनो, मोठेपणी सुखाचे कपडे घालावेसे वाटले, तर सुख हे कारण कधीही सांगू नका. आधी पाय मोडून घ्या.