डोंगरेकाकांचा भाग दोन

रोज सकाळी आठ वाजता आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर इंद्रधनुष्य पडतं. ते शेजारच्या डोंगरेकाकांनी वाळत घातलेल्या सिनेमांचं असतं. भंगारवाल्यांकडून जुन्या सीड्या आणायच्या, शिकेकाईनं धुवायच्या आणि मधल्या भोकातून सुतळी ओवून गच्चीवर टांगायच्या, हा कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेल्या या गृहस्थांचा उद्योग. साबण का नाही, असं विचारलं तर म्हणाले, "साबनानं हिरोइनचा रंग उडते गा."

"काका, आता मोबाइलवर सगळं मिळतं," मी एकदा शहाणपणा केला.

"मोबाइलवर सिनेमा अटकत नाही. अटकला नाही तं मानसानं पानी कधी प्यावं?"

खरं तर त्यांना एकच सीडी हवी होती. पूर्वी एक सिनेमा दोन सीड्यांवर यायचा. काकू होत्या तेव्हा दोघांनी सीड्या भाड्यानं देणाऱ्या लायब्ररीतून असाच एक आणला. भाग एक संपताना नायक-नायिकेची ताटातूट झाली. काकांनी दुसरी सीडी लावली, तर पडद्यावर हनुमान! लायब्ररीवाल्यानं पाकिटात भलतीच सीडी कोंबली होती. उद्या बदलू म्हणाले, आणि पहाटे काकूंना रामदासपेठेतल्या दवाखान्यात न्यावं लागलं.

तिथंही त्यांचा एकच प्रश्न. "अवो, त्या दोघायचं काय झालं?"

"भेटले वं. लग्नबी झालं," काकांनी ठोकून दिलं. काकू हसल्या. तिसऱ्या दिवशी गेल्या.

"अंदाजानं सांगतलं गा मी. खोटं असन तं?" हे मला सांगताना काकांचा आवाज अगदी बारीक झाला. मी दोन मिनिटांत तो सिनेमा मोबाइलवर शोधून दिला. त्यांनी मोबाइल पालथा ठेवला. "अर्धा तुह्या काकूसंगं सीडीवर पाहिला. उरलेलाबी सीडीवरच पाहीन."

या एप्रिलात कळमन्याच्या एका भंगारवाल्याकडे भाग दोन सापडला. काकांनी भिंतीवरून हाक मारली, "ये गा. एकट्याची हिंमत नाही होऊन राहिली."

दुपारची वेळ, पडदे ओढलेले. कुलरची घरघर, वाळ्याचा ओला वास. सिनेमा जागोजागी अडकत होता आणि आम्ही दोघं जागे आहोत की झोपेत, हेही धड कळत नव्हतं. शेवटी गाडी सुटली. नायिका गेली. नायक फलाटावर एकटाच उभा राहिला.

 पडदा निळा झाला. काका उठले, सीडी काढली, सदऱ्याच्या टोकानं हळूच पुसली.

"चुकलं गा या सिनेमावाल्याचं," ते म्हणाले. "मी तिले बरोबर सांगतलं होतं."