दाजी गव्याची पाठ

बाळांनो, एका जंगलात सगळ्यांचं उत्तम चाललं होतं, म्हणून सगळ्यांना कंटाळा आला होता.

तेवढ्यात मुंगूससरांनी मोहीम जाहीर केली. फार लांब एक हिमशिखर होतं. चार-पाच दिवसांची चढाई. “नवशिक्यांसाठी अगदी सोपी,” सर म्हणाले. सोपी कशामुळे, हे कुणी विचारलं नाही. तुम्हीही विचारलं नाहीत, बघा.

कासवकाकू चिवड्याचा डबा घेऊन निघाल्या. ससा गॉगल लावून निघाला. आणि दाजी गवा निघाला. दाजी म्हणजे जंगलातला सगळ्यात अवजड आणि सगळ्यात भिडस्त प्राणी. बायकोचे दिवस भरत आले होते, तरी त्याला सरांना नाही म्हणवेना. “वासरू यायच्या आत येतो,” असं तिला सांगून तो आला.

बर्फावर सरांनी सगळ्यांना एकाच दोराला बांधलं. “एक पडला, तर बाकीचे सावरतील.”

“आणि दाजी पडले तर?” काकूंनी विचारलं.

“काकू, शुभ बोला!”

पुढे बर्फाला भलीमोठी भेग होती. सर म्हणाले, “दाजी, जरा पुढे होऊन बघता का?”

दाजीने बघितलं. काठ खचला. दाजी भेगेत गेला आणि मागोमाग सगळे घसरत येऊन त्याच्या पाठीवर आदळले. कारण दाजी पोटाशी अडकला होता. शिंगं या काठाला, ढुंगण त्या काठाला.

सगळ्यांनी दोर ओढला. दाजी हलेना. मग सरांनी त्याच्या पाठीवर दोन उड्या मारून पाहिल्या. “भक्कम आहे. दोर सोडा, चला पलीकडे.”

“मला काढा हो,” दाजी म्हणाला.

“काढू की. पण मग परत येताना आम्ही कशावरून यायचं?”

दाजीला पटलं. त्याला सगळंच पटायचं. काकूंनी जाता जाता त्याच्या तोंडात चिमूटभर चिवडा घातला.

मंडळी शिखरावर गेली, फोटो काढले, परत पाठीवरून अलीकडे आली.

“आता काढा. घरी वासरू आलं असेल.”

सर अवघडले. “दाजी, सोमवारी दुसरी तुकडी येतेय. त्यात म्हाताऱ्या शेळ्या आहेत. त्यांनी कसं जायचं?”

“हो, तेही खरं,” दाजी म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवून त्याचा सत्कार केला. शाल पाठीवर अंथरली. त्यामुळे पायही घसरेनासे झाले.

पुढे तुकड्यांमागून तुकड्या आल्या. एकदा एक छोटा गवा पाठीवर मधोमध थांबला.

“सर, हा पूल उबदार कसा?”

“नवशिक्यांसाठी खास सोय आहे, बाळ.”

ते खूर कधी पाहिले नव्हते, तरी दाजीने ओळखले. त्याला हाक मारावीशी वाटली, फार वाटली. पण मागे एवढी मंडळी खोळंबली होती.

तात्पर्य: बाळांनो, निदान एकाने तरी ‘नाही’ म्हणायला शिकू नये. बाकीच्यांची फार गैरसोय होते.