दार काय सांगतंय?

"भिंतीवर पुन्हा कागद दिसला, तर तुम्ही कायमचे घरी," असं म्हणत संग्रहालयाच्या संचालकांनी रखवालदाराच्या डोळ्यांदेखत कागद टराटरा फाडला. कागदावर एवढंच होतं : 'हात धुण्याची खोली इथे. हे दार आहे.'

रखवालदाराला नोकरीची धास्ती होतीच, पण अक्षराचं दुःख त्याहून जास्त. पन्नाशी उलटल्यावर नातीशेजारी बसून तो लिहायला शिकला होता. 'दार' मधला काना सरळ यावा म्हणून त्याने तीन कागद वाया घालवले होते.

"कसलं हे गिचमिड!" डिझायनर म्हणाला. "मामा, चांगली वस्तू स्वतःच बोलते. तिला पाटी लागत नाही."

पांढऱ्या भिंतीतलं ते पांढरं दार त्याचंच. ना मूठ, ना कडी, ना चौकट. त्याला बक्षीसही मिळालं होतं. बक्षीस देणारे बहुधा घरूनच हात धुऊन आले असावेत.

त्या दिवशी संग्रहालयात रोजच्या वापरातल्या वस्तूंचं प्रदर्शन उघडायचं होतं. जन्मात कधी बादली न उचललेली माणसं काचेतल्या बादलीभोवती माना डोलावत फिरत होती. तेवढ्यात उद्घाटनासाठी बोलावलेल्या पाहुण्या बाईंना हात धुवावेसे वाटले. संचालक आणि डिझायनर मोठ्या कौतुकाने त्यांना दार दाखवायला निघाले. रखवालदाराने खालच्या डाव्या कोपऱ्यावर गुडघा मारून दार उघडलं. ते तसंच उघडायचं, तेही फक्त बाहेरून. हा शोध वर्षभर गुडघा झिजवून लागलेला.

"मी इथंच थांबतो साहेब, आतून ते..."

"फाटकावर जा!" संचालक खेकसले. "आणि आज भिंतीला हातही लावायचा नाही."

तिघं आत गेले. दार मिटलं.

पाव तासाने आतून धपाधप आवाज येऊ लागले, तसा रखवालदार सावकाश आला.

"मामा, उघडा!" संचालकांचा आवाज आला.

"भिंतीला हात लावायला मनाई आहे साहेब."

आत निराळंच रामायण चाललं होतं. माणूस हलला नाही की दिवा विझे. दिव्यासाठी हात हलवले की नळ आपोआप सुरू होई. बंद कसा करायचा, ते नळ सांगत नव्हता.

"अहो, माझे पाय भिजले!" पाहुण्या बाई कडाडल्या. "हे दार केलं तरी कुणी?"

डिझायनर घाईघाईने नळ चाचपू लागला.

"साहेब," रखवालदाराने भिंतीला तोंड लावून विचारलं, "दार काही सांगतंय का?"

"मामा, थट्टा पुरे! सभागृह भरलंय! काय हवंय तुम्हाला?"

"पाट्या लावायची परवानगी. लेखी. आणि खाली सही."

आत कुजबुज झाली. मग पाहुण्या बाईंचा आवाज आला, "द्या हो लिहून! नाहीतर व्यासपीठावर सगळं सांगेन."

थोड्या वेळाने दाराखालून संचालकांच्या भाषणाचा एक ओला कागद सरकत आला. पाठीमागे अंधारात लिहिलेल्या ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. रखवालदाराने चष्मा लावला. एकेक अक्षरावर बोट ठेवत तो शेवटपर्यंत गेला आणि कागद परत आत सरकवला.

"अक्षर लागत नाही साहेब. जरा सुवाच्य काढा."

"मामा!"

"घाई नाही. आम्हालाही तीन कागद लागले होते."

पुन्हा हात हलले, पुन्हा दिवा लागला, पुन्हा नळ धो धो सुटला. दुसरा कागद आला. या खेपेला काने सगळे सरळ होते.

रखवालदाराने तो घडी करून खिशात ठेवला आणि गुडघा उचलला.